सहाव्या खांबाच्या दहा बाटल्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खाडी-संशोधन केंद्राचे सन्माननीय संचालक साहेब, कामाच्या व्यापातून वेळ काढून आलेले जलखात्याचे मुख्य अभियंता, म्हणजेच आपले आजचे प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचे कार्यालय अधीक्षक आणि इतर मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, बाईंचे यजमान, ज्यांनी सत्तावीस वर्षांत मला फोनवर एकच प्रश्न विचारला, "ती अजून होडीतच आहे का?", समोर बसलेले माझे सहकारी, त्यांची घरची मंडळी, आणि अगदी मागे, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलेले आमचे होडीवाले मामा आणि मामी. सगळ्यांना माझा नमस्कार.

हा माईक शिट्टी मारतो. सकाळी मी तसं सांगितलं होतं. "बघतो" म्हणाले. बघत आहेत.

मी बोलायला उभा राहण्याआधी अधीक्षकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलंय, "दोन मिनिटं." माझ्या आधी सहा जण बोलले. पहिल्यांनी पंचवीस मिनिटं घेतली आणि त्यात बाईंचं नाव शेवटच्या मिनिटाला आलं. पण ते विभागप्रमुख आहेत आणि मी प्रयोगशाळा सहायक आहे, तेव्हा दोन मिनिटं बरोबरच आहेत. ती संपली असं समजा. आता बोलायला सुरुवात करतो.

सहाही वक्त्यांनी बाईंना शांत म्हटलं. दोघांनी मनमिळाऊ म्हटलं. एकाने "सागरकन्या" म्हटलं. मी सत्तावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. मला एक सांगा, या सहा जणांपैकी कोणी बाईंना बाटलीवर चुकीची चिठ्ठी चिकटवून दाखवलीय का? एकदा चिकटवून बघा आणि मग शांत म्हणा. आणि समुद्राशी बाईंचा काय संबंध? समुद्र जिथे सुरू होतो तिथे बाई होडी वळवायला लावतात. त्यांचं सगळं आयुष्य गेलं ते पुलापासून खाडीच्या मुखापर्यंत पाण्यात रोवलेल्या नऊ खुणेच्या खांबांमध्ये. ना धड गोडं, ना धड खारं, अशा पाण्यात. आणि आमचंही त्यांच्या मागे.

आणि भेट काय दिली आपण? भिंतीवरचं घड्याळ. वर्गणी काढताना मी अधीक्षकांना म्हटलं, या बाईंनी आयुष्यात घड्याळ मानलेलं नाही, दुसरं काहीतरी घ्या. ते म्हणाले, ठरलंय. ठरलंय म्हटल्यावर प्रश्न मिटला.

हे घड्याळाचं प्रकरण नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाई इथे येण्याआधी आपलं काम फार सुटसुटीत होतं. दर सोमवारी सकाळी अकरा वाजता केंद्राची जीप धक्क्यावर जायची. सहाव्या खांबाजवळ बाटली बुडवायची, आणायची आणि मी भिंगाखाली धरून मोजायचं. काय मोजायचं? पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पती. डोळ्यांना न दिसणाऱ्या, एका थेंबात शेकड्याने मावतील अशा. शास्त्रात त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात, आम्ही प्लवक म्हणतो. शिंपले ते खातात, मासे ते खातात, आणि आपण शिंपले आणि मासे खातो. तेव्हा खाडीत काय पिकतंय हे मोजायचं ते माझं काम.

तर मी मोजायचो आणि दर आठवड्याला चक्रावून जायचो. एका सोमवारी सगळी नदीची जात, पुढच्या सोमवारी सगळी समुद्राची. परत नदीची, परत समुद्राची. तीन वर्षं हे चाललं होतं. अहवालात लिहिलेलं होतं, "प्लवकांच्या समूहात दर पंधरवड्याने गूढ बदल आढळतो." त्या गूढाचा शोध घ्यायला पाच जणांची समिती नेमलेली होती. समितीच्या चार बैठका झाल्या होत्या.

बाई आल्या त्या दिवशी त्यांनी तो अहवाल उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "अकरालाच का जाता?"

मी म्हटलं, "जीप अकराला मोकळी होते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाचच शर्टाची बटणं तपासली. मग म्हणाल्या, "भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. सात दिवसांत सहा तास. या सोमवारी अकराला भरती असेल तर पुढच्या सोमवारी अकराला ओहोटी. भरतीला तुमच्या खांबाशी समुद्राचं पाणी असतं, ओहोटीला नदीचं. प्लवक बदलत नाहीयेत, तुम्ही दर आठवड्याला वेगळ्याच पाण्यात बाटली बुडवताय."

समिती बरखास्त झाली. जीपही गेली आणि होडी आली. होडीबरोबर मामा आले आणि आमच्या सुखाच्या दिवसांना उतरती कळा लागली. कारण बाई भरतीप्रमाणे निघायच्या. एका सोमवारी पहाटे साडेपाच, दुसऱ्या सोमवारी दुपारी बारा. हजेरीपट मात्र दहाला उघडायचा आणि सव्वादहाला बंद व्हायचा. आम्हा तिघांना मिळून उशिराबद्दल जितके मेमो आले तितके या इमारतीत कोणाला आले नसतील. मामा त्यांच्या मेमोंची घडी घालून होडीच्या इंजिनाखाली ठेवायचे, तेल गळायचं म्हणून.

बाईंचं एकच टुमणं असायचं. खांबाला काय विचारता, मिठाला विचारा. होडी चालली की दोरीला बांधलेलं खारेपणा मोजायचं यंत्र पाण्यात, आणि बाईंचे डोळे त्याच्या आकड्यावर. आकडा बदलला की "थांबा". मामा कंटाळून म्हणायचे, "बाई, आत्ताच तर थांबलो होतो." त्यावर बाई म्हणायच्या, "आत्ता होतं ते पाणी वेगळं."

आणि मला भिंगाखाली दिसायचं की बाईंचं बरोबर आहे. याचाच मला जास्त वैताग यायचा. माणूस चुकीचा असला तर भांडता येतं. नदीतून वाहत आलेल्या हिरव्या पेशी थोड्या मिठापर्यंत टुणटुणीत असतात, आणि जरा पुढे गेल्या की मीठ लावलेल्या काकडीच्या फोडीसारख्या पाणी सोडून मलूल होतात. समुद्राकडून आलेल्यांचं उलट, गोड्या पाण्यात त्या पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. मधल्या पट्ट्यात दोन्हीकडचे मेलेले आणि गढूळ चिखल. तिथे टिकतात त्या मोजक्या चिवट जाती. आणि नदीला पाणी जास्त असलं तर त्यांनाही टिकायला वेळ मिळत नाही, एकीच्या दोन होण्याआधीच वाहून जातात. मी घरी सांगायचो, आमच्या ऑफिसात असंच आहे. बायको म्हणायची, तुम्ही टिकलात ना मग?

आता ही दुसरी चिठ्ठी आली. "आटोपतं घ्या." घेतो. पण आजच्या पत्रिकेवर दोन कार्यक्रम छापलेत, बाईंचा निरोप आणि चहानंतर धक्क्यावर नव्या यंत्राचं उद्घाटन. प्रमुख पाहुणे खरं तर दुसऱ्यासाठी आलेत, पहिला त्यांना वाटेत लागला. त्या यंत्राबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून मी बोलणार आहे. आणि ते बोलायचं तर मला नऊ वर्षं मागे जावं लागेल.

पाण्याचे दोन प्रकारचे दिवस असतात. उधाणाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीला जोर असतो ते. तेव्हा खाडी घुसळून निघते, वरचं खाली आणि खालचं वर. काचेच्या कवचाच्या जड जातींना ते मानवतं, घुसळणं थांबलं की त्या बुडतात. आणि मग भांगाचे दिवस, म्हणजे भरतीला दम नसतो ते. तेव्हा पाणी घुसळतच नाही. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. समुद्राचं खारं जड, ते खाली बसतं. एकाच खांबाशी दोन पाण्यांचे दोन मजले. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. पण त्या दोन मजल्यांच्या सांध्यात शेपटीच्या जाती जमतात. त्यांना पोहता येतं. वरून पुरेसा उजेड आणि खालून पुरेसं खाद्य मिळेल ती नेमकी खोली त्या शोधतात आणि तिथे ठाण मांडतात. हातभर जाडीचा थर असतो तो, तांबूस रंगाचा. त्यातली एक जात विषारी आहे. शिंपले ती खातात, शिंपल्यांना काही होत नाही. ते शिंपले खाणाऱ्याला होतं.

म्हणून बाईंचा नियम होता. भांगाच्या सोमवारी सहाव्या खांबाशी, जिथे शिंपल्यांच्या खडपा, म्हणजे पाण्यातले खडक, आहेत, एक नाही तर दहा बाटल्या घ्यायच्या. पृष्ठभागापासून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर एक. दहाही वेगळ्या मोजायच्या. प्रत्येक बाटलीतलं अर्धंच पाणी वापरायचं, अर्धं जपून ठेवायचं. दहा बाटल्यांना मला दोन दिवस लागतात. बुधवारी दुपारी माझा आकडा जायचा आणि त्यावरून मामा धक्क्यावर झेंडा चढवायचे. लाल असला तर आठवडाभर शिंपले काढायचे नाहीत, हिरवा असला तर खुशाल काढा. लिटरमागे हजार पेशी ही हद्द.

नऊ वर्षांपूर्वी अशाच एका भांगाच्या सोमवारी माझ्या भाचीचं लग्न होतं. परगावी. दीडची गाडी होती. ताईचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते, सख्खा मामाच नाही तर मुलीच्या पाठीशी उभं कोण राहणार म्हणून. होडी अकराला परत आली. टेबलावर दहा बाटल्या. दहा मोजायच्या म्हणजे सोमवार गेला आणि मंगळवारही गेला. रजा मागितली असती तर बाईंनी दिली असती, पण मग बाटल्या त्यांनी स्वतः मोजल्या असत्या आणि मला वर्षभर ऐकवलं असतं. निदान मला तसं वाटलं.

मी होडीतली बादली आणली. दहाही बाटल्यांतलं अर्धं अर्धं पाणी त्या बादलीत ओतलं, ढवळलं, त्यातून एक बाटली भरली आणि ती निवळायला ठेवली. माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, कारण त्या वेळी मला ते हुशारीचं वाटलं होतं. मी स्वतःला म्हटलं, खाडीत तरी दुसरं काय होतं? तिथेही मिसळतंच की.

बुधवारी सकाळी परत आलो, ती एक बाटली मोजली. सहाशे वीस. हद्दीच्या खाली. आकडा दिला. मामांनी हिरवा झेंडा चढवला, आणि स्वतःच्या हाताने चढवलेल्या झेंड्यावर विश्वास ठेवून टोपलीभर शिंपले घरी नेले.

बाई, डोळे वटारू नका. आज तुमचा सत्कार आहे आणि मला दोन मिनिटं मिळालेली आहेत.

त्या आठवड्यात सतरा जण दवाखान्यात गेले. आधी ओठांना मुंग्या, मग बोटं बधिर, मग पाय. सोळा जण एक-दोन दिवसांत घरी आले. मामींना श्वास घेता येईना. दोन दिवस त्या यंत्रावर होत्या, घशात नळी. ज्यांनी आधी मामींना ऐकलंय त्यांना आठवत असेल, त्या धक्क्यावरून हाक मारायच्या ती पलीकडच्या काठाला ऐकू जायची. आता शेजारच्या खुर्चीला ऐकू येत नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी भेटायला गेलो होतो. मामींनी मला जवळ बोलावून त्या बसलेल्या आवाजात विचारलं, "भाऊजी, तुम्ही एवढं बारीक बघता, मग हे कसं नाही हो दिसलं?" त्यांनी सहज विचारलं होतं. मी म्हटलं, मामी, कधी कधी नाही दिसत. आणि चहा पिऊन आलो. मामांनी मला धक्क्यापर्यंत सोडलं, वर म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

इकडे बाईंनी तोवर माझ्या मोजणीचा कागद काढला होता. मी प्रयोगशाळेत गेल्यावर विचारलं, "दहा ओळी कुठे आहेत?"

"बाई, मी एकत्र केलं."

त्या माझ्या खुर्चीत बसल्या, जपून ठेवलेल्या दहा अर्ध्या बाटल्या काढल्या आणि दोन दिवस मोजत राहिल्या. मी शेजारी उभा. जेवायलाही उठल्या नाहीत. नऊ बाटल्यांत जवळपास काही नव्हतं. पाचव्या बाटलीत, म्हणजे दोन मीटरवर, लिटरमागे सहा हजारांहून जास्त. हद्दीच्या सहापट. आणि मी ते दहा बाटल्यांत वाटून सहाशेवर आणलं होतं. विष होतं तेवढंच होतं. मी फक्त ते दिसणार नाही एवढं पसरलं.

मग चौकशी बसली. बाईंनी लेखी दिलं, "नमुने एकत्र करण्याचा निर्णय माझा होता." मी तो कागद टंकलेखकाकडे बघितला आणि धावत त्यांच्याकडे गेलो.

"बाई, हे खोटं आहे."

"हो."

"मी सांगतो खरं काय ते."

"सांगा. मग तुम्हाला काढतील. तुमच्या जागी माणूस मिळायला दोन वर्षं आणि शिकवायला चार. तोपर्यंत कोणाच्या आकड्यावर झेंडा चढवायचा? बसा खाली. सोमवारच्या बाटल्या आल्यात."

आणि मी बसलो. मला आज सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो विचाराल तर त्या बसण्याचा येतो. माझाही आणि तुमचाही, बाई. तुम्हाला वाटतं तुम्ही मला वाचवलंत? नऊ वर्षं दर भांगाच्या सोमवारी दहा बाटल्या स्वतः माझ्या टेबलावर ओळीने मांडायच्या आणि मी पहिली उघडेपर्यंत तिथेच उभं राहायचं. एक शब्द बोलायचा नाही. एकदा जरी ओरडला असतात, एकदा सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली असती, तरी मी मोकळा झालो असतो. चुकीच्या चिठ्ठीसाठी आकाशपाताळ एक करणारी बाई, आणि या एका गोष्टीसाठी तोंडातून ब्र नाही.

मामांबरोबर मी नऊ वर्षं एका डब्यातून जेवलोय. त्यांच्या मुलीला मी नोकरीसाठी शिफारसपत्र दिलंय. त्यांना हे आत्ता कळतंय, तुमच्या सगळ्यांबरोबर. हे त्यांना आधी एकट्याला सांगायला हवं होतं, हे मला कळतं. काल संध्याकाळी मी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. मामी म्हणाल्या, या ना भाऊजी. आणि मी चक्क सुतळी मागून परत आलो. ती सुतळी अजून खिशात आहे.

संचालक साहेब, तुम्ही घड्याळ बघताय. त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा ज्येष्ठतेने बाईंची होती. चौकशीचा कागद आडवा आला. तुम्ही त्या जागेवर आलात आणि तिथून संचालक झालात ते तुमच्या गुणांवर, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण जागा रिकामी झाली ती माझ्या बादलीमुळे.

आणि आता यंत्र. त्याचं माहितीपत्रक प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलंय, बरेच जण त्याने वारा घेताहेत. दुसरं पान उघडा. "सहाव्या खांबावर दहा पातळ्यांवरून दहा नळ्या पाणी ओढतील. सर्व पाणी एकाच टाकीत एकत्र होऊन रोज एकच प्रातिनिधिक नमुना मिळेल. वेळेची नव्वद टक्के बचत." वाचलंत? पाहुणे, मला तुमच्या खात्याचा अनादर करायचा नाही. पण हे यंत्र मी ओळखतो. ती माझी बादली आहे. तिला वीज जोडलीय एवढंच. मी एकदा केलं, हे रोज करणार आहे, न चुकता, रविवारीही. आणि त्याच्या भरवशावर येत्या सोमवारपासून होडी काठावर ओढून ठेवायची आणि मामांना भांडारात बसवायचं, असा आदेश निघालाय.

बाईंनी या यंत्राविरुद्ध तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, "अशा पद्धतीने नमुने एकत्र केल्यास धोका असतो याला पुरावा नाही. आपण स्वतःच पूर्वी तसा निर्णय घेतल्याचे नोंदीवर आहे." हे उत्तर बाईंनी मला दाखवलं नाही. टंकलेखकाने दाखवलं. म्हणजे माझ्यासाठी नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ आज त्यांच्याच तोंडावर फेकली गेली, आणि यावरही बाई गप्प. कारण खरं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

म्हणून मी उभा राहिलोय. पुरावा हवा ना? पुरावा इथे माईकसमोर उभा आहे, आणि दुसरा मागे दाराजवळ बसलाय, त्याचा आवाज तेवढा येत नाही.

माझं मागणं मोठं नाही. फीत कापा, यंत्र चालू करा. त्याच्या नळ्या चांगल्या आहेत, खारेपणा आणि तापमान ते माझ्यापेक्षा नीट मोजेल. फक्त टाकी काढा. दहा नळ्यांना दहा बाटल्या लावा. भांगाच्या दिवसांत होडी जाऊ द्या, कारण सांधा कुठल्या खोलीवर आहे हे नळीला कळत नाही, मामांना दोरीवरून कळतं. मोजायला मी आहे. माझं एक वर्ष उरलंय आणि शिकवायला चार लागतात, तेव्हा माणूस आजच द्या. मला नोकरीवर ठेवलंत तर. नाही ठेवलंत तर दिवाणखान्यात बसवून फुकट शिकवीन.

ही तिसरी चिठ्ठी साहेबांची आहे. वाचून दाखवतो. "हे लेखी द्या."

साहेब, लेखी आणलंय. या पाकिटात माझा जबाब आहे, सही-तारखेसह. त्याच्यासोबत त्या बुधवारचा माझा एका ओळीचा कागद आणि बाईंचा दहा ओळींचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, शास्त्र येण्याची गरज नाही. हे पाकीट मी पाहुण्यांच्या साक्षीने तुमच्यासमोर ठेवतो. फुलदाणी जरा सरकवा.

बाई म्हणताहेत, बसा खाली. नऊ वर्षांपूर्वीही हेच म्हणाल्या होत्या. बाई, आज तुम्ही बसा. सत्तावीस वर्षं होडीत उभ्या होतात.

एक राहिलं. मगाशी शांत आणि मनमिळाऊ म्हणणाऱ्यांना मी हसलो, पण मग स्वतः काय म्हणणार हे सांगितलं नाही. मला बाईंचा फार राग येतो. उद्या सकाळी शेजारचं टेबल रिकामं असणार, याचाही येतो. यापेक्षा चांगलं मला बोलता येत नाही.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांचे, त्यांनी माईक बंद करायला सांगितला नाही. पाहुण्यांचे, त्यांनी माहितीपत्रक उघडून दुसरं पान खरोखर वाचलं, मी बघितलं. बाईंच्या यजमानांचे, साहेब, ती आता होडीत नाही, घेऊन जा. ज्यांनी सभागृह झाडलं, खुर्च्या मांडल्या त्यांचे. आणि शिट्टी मारणाऱ्या या माईकचे, निदान कोणी झोपलं नाही.

शेवटी, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं असं म्हणायची पद्धत आहे. तेवढं घ्या सांभाळून. पण माझं कमीजास्त बोलण्यात झालेलं नाही, मोजण्यात झालं होतं, आणि त्याची माफी सभेकडे मागून भागत नाही. मघाशी बादलीचं सांगत होतो तेव्हा मामा उठून बाहेर गेले. मामी बसल्या आहेत, माझ्याकडे बघताहेत. मामा बाहेर पायरीवर आहेत, इथून दारातून त्यांची पाठ दिसते. अजून निघून गेलेले नाहीत. मी तिकडे जातो. चहा तुम्ही सुरू करा.